लॅश एक्स्टेन्शन सांभाळायच्या तर रोज धुवा

लॅशेस, म्हणजे पापणीच्या केसांवर ग्लूने चिकटवलेले कृत्रिम केस, लावल्या की रोज धुवायच्या. हे मी प्रत्येकीला खुर्चीतून उठायच्या आधी सांगते. तरी पंधरा-वीस दिवसांनी रिफिलला, म्हणजे गळलेल्यांच्या जागी नव्या भरून घ्यायला, आल्यावर कितीतरी जणी म्हणतात, "ताई, गळतील म्हणून मी तोंडसुद्धा जपून धुतलं. डोळ्यांवर पाणी येऊच दिलं नाही." त्यांनी सांगायची गरजही नसते. भिंगाचा दिवा खाली ओढला की दिसतं: पापणीच्या मुळाशी पांढुरक्या खपल्या धरल्यात, दोन-तीन लॅशेस एकमेकींना चिकटून झुबका झालाय, आणि ज्या गळू नयेत म्हणून एवढा जीव टाकला त्या कानाकडच्या कोपऱ्यातून निम्म्या गेल्यात.

माझं पार्लर सांगलीत विश्रामबागला आहे. माझ्याकडे कॉलेजच्या मुली येतात, मिरजेच्या दवाखान्यांतल्या सिस्टर येतात, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या येतात, लग्न ठरलेल्या तर हंगामात रोज येतात. लॅशेसचं काम स्वस्त नाही, आणि त्यासाठी दीड-दोन तास डोळे मिटून पडून राहावं लागतं. एवढं केल्यावर पुढचे तीन आठवडे त्या चांगल्या राहाव्यात आणि डोळेही निरोगी राहावेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडचं पाणी, धूळ, ऊन आणि घरातल्या सवयी धरून लिहिते, कारण बाटलीवरच्या सूचनांमध्ये हळदीचा कार्यक्रम आणि दिवाळीची पहिली अंघोळ नसते.

पाण्याची भीती कशाला नको

एक्स्टेन्शनचा केस म्हणजे बहुतेक वेळा पीबीटी नावाच्या प्लास्टिकचा बारीक धागा. डबीवर 'मिंक' किंवा 'सिल्क' लिहिलेलं असतं, त्यावरून त्याचा पोत आणि चमक कळते. क्लासिक सेटला (एका केसावर एकच धागा) साधारण ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा वापरतात, व्हॉल्यूमच्या पंख्याला (एका केसावर पंख्यासारखे अनेक धागे) ०.०७ किंवा ०.०५ चा. तो तुमच्या एकेका केसावर चिकटवतात, कातडीवर नाही. मुळाशी अर्धा ते एक मिलिमीटर जागा मोकळी सोडावी लागते. ही मोकळी जागा ध्यानात ठेवा, सगळी घाण तिथेच बसते.

ग्लू असतो सायनोअ‍ॅक्रिलेटचा. फेविक्विक ज्या कुळातलं, त्याच कुळातला, पण डोळ्याजवळ वापरण्यासाठी बनवलेला. (सुटलेली लॅश घरी फेविक्विकने चिकटवायचा विचारसुद्धा करू नका. ते डोळ्यात गेलं तर पापण्या एकमेकींना चिकटतात आणि बुबुळाला इजा होते.) हा ग्लू वाळून घट्ट होत नाही, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. एकदा पूर्ण बसला की साध्या पाण्याने सुटत नाही. तो सैल होतो तो तेलाने, साचलेल्या चिकट थराने, चोळण्याने आणि उष्णतेने.

आता धुवायचं का, ते. आपल्या पापणीच्या कडेला ओळीने बारीक ग्रंथी असतात. त्यातून तेलकट पदार्थ झिरपतो आणि त्यामुळे डोळ्यातलं पाणी लवकर उडून जात नाही. एरवी आपण तोंड धुताना डोळे चोळतो, तेव्हा जादा तेल, घाम, काजळ, मेलेली कातडी सगळं निघून जातं. लॅशेस लावल्यावर भीतीने हात लागत नाही आणि ते तसंच राहतं. त्यावर जंतू वाढतात. डेमोडेक्स नावाचे किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे, बहुतेक मोठ्या माणसांच्या केसांच्या मुळाशी थोडेफार असतातच. कातडीच्या तेलावर ते जगतात. तेल साचलं की त्यांचं फावतं. मग पापणीची कड सुजते, खाज सुटते, खपल्या धरतात, रांजणवाडी येते. पार्लरमध्ये बाई म्हणते "ग्लू लागला मला", पण भिंगाखाली बघितलं तर ग्लूचा काही संबंध नसतो, महिनाभराची घाण असते.

गळलेली लॅश फेकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा. तिच्या बुडाशी तुमचा स्वतःचा केस चिकटलेला दिसला तर तो केस त्याचं आयुष्य संपून पडलाय. प्रत्येकीचे असे दोन-चार केस रोज गळतात, एक्स्टेन्शन असो वा नसो, फक्त आता ते जाडजूड दिसतात म्हणून लक्षात येतात. पण नुसता प्लास्टिकचा धागा आणि टोकाला ग्लूचा थेंब दिसला, तुमचा केस नाहीच, तर चिकटच सुटलाय. असे आठवडाभरात बरेच पडायला लागले तर कागदासकट घेऊन या. बसवण्यात चूक झाली का, की तेल लागतंय, हे त्या बुडावरून सांगता येतं.

पहिला दिवस

आताचे ग्लू लवकर बसतात, पण आतपर्यंत पूर्ण घट्ट व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिले २४ तास गरम पाण्याची अंघोळ डोक्यावरून नको, वाफ नको, पोहणं नको, जिमचा घाम नको. तुमच्या पार्लरने ४८ तास सांगितले असतील तर ४८ पाळा, त्यांच्या ग्लूची त्यांना माहिती. त्यानंतर त्याच रात्रीपासून धुणं सुरू.

धुवायचं असं

सामान थोडंच लागतं: लॅशेससाठीचा बिनतेलाचा, बिनवासाचा फोम क्लीन्झर, मऊ केसांचा छोटा ब्रश, दोन-तीन स्पूली (लॅशेस विंचरायचा, मस्काऱ्याच्या कांडीसारखा ब्रश) आणि एक छोटी पिचकारी बाटली. क्लीन्झर नीट वापरला तर बाटली महिना-दीड महिना पुरते.

बेबी शाम्पू चालेल का, हे सगळ्याच विचारतात. पापणीची कड सुजली तर डोळ्यांचे डॉक्टर पातळ केलेला बेबी शाम्पू लावायला सांगत आले आहेत, त्यामुळे हा प्रश्न उगीच येत नाही. पण त्यात वास असतो, आणि केस मऊ ठेवणारे पदार्थ असतात. ते लॅशेसवर थर धरतात. म्हणून मी नको म्हणते. बेसन, शिकेकाई, रिठा यांतलं काहीही डोळ्याजवळ नको, कण आत जातात आणि रिठा तर भयंकर झोंबतो. फोम संपलाच असेल तर नुसत्या स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने धुवा. ते न धुण्यापेक्षा शंभर पटीने बरं.

पाण्याचं बघा. आपल्याकडे बऱ्याच अपार्टमेंटमध्ये प्यायला नळाचं पाणी आणि वापरायला बोअरचं. बोअरचं पाणी जड. नळाच्या तोटीला जो पांढरा थर धरतो तोच लॅशेसवर धरतो, मग त्या राठ होतात आणि काळा रंग मळकट दिसतो. धुण्यासाठी बोअरचं वापरलं तरी शेवटचं पाणी फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं घ्या. पिचकारी बाटली त्यासाठीच. पाणी कोमट किंवा साधं, कढत नाही.

आधी हात साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवा. चेहऱ्याचा मेकअप वेगळा पुसून घ्या, डोळ्यापाशी येऊ देऊ नका. मग ओंजळीतलं थोडं पाणी मिटलेल्या डोळ्यांवरून सोडा. सपासप पाणी मारायचं नाही, ओलं करायचं.

फोमचा एक पंप ब्रशवर घ्या. डोळा मिटून ब्रश मुळापाशी टेकवा आणि खाली टोकाकडे उतरवा, जसे केस वाढतात त्या दिशेने. उलट दिशेने नाही, गोल गोल तर मुळीच नाही. असं नाकाकडून कानाकडे सरकत जा. एवढं बहुतेक जणी करतात आणि थांबतात. खरी जागा राहून जाते. खरी जागा म्हणजे पापणीची कड, जिथून केस बाहेर येतो ती रेघ. तिथे ब्रशचं टोक आडवं धरून अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवायचं. बिचकू नका, ग्लू कातडीपासून थोडा वर असतो, तिथे ब्रश लागला तर काही सुटत नाही. ती रेघ दिसत नाही अशी तक्रार असते. त्यासाठी छोटा आरसा बेसिनच्या कडेला आडवा ठेवा आणि वरून त्यात खाली बघा. मान वाकवून आरशात बघितलं की वरची पापणी पूर्ण उलगडते आणि मुळं स्वच्छ दिसतात. एक डोळा झाकून दुसरा धुवा. नाकाकडच्या कोपऱ्यात चिपडं साचतात, तिथे दोनदा फिरवा. खालच्या पापणीलाही विसरू नका, तिथे एक्स्टेन्शन नसली तरी तेल तिथलंच वर लागतं. एका डोळ्याला अर्धं मिनिट पुरतं.

मग बेसिनवर वाकून पिचकारी बाटलीने कपाळावरून पाणी सोडा, आपोआप पापणीवरून निथळतं. बोट लावल्यावर बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत सोडत राहा. फोम राहिला तर तोच उद्याचा मळ. शॉवरची धार थेट डोळ्यांवर घेऊ नका.

टॉवेल दूर ठेवा. टॉवेलच्या लूपमध्ये लॅश अडकते आणि ओढली जाते, कापसाच्या बोळ्याचे धागेही तसेच अडकतात. साधा मऊ टिश्यू दुमडून लॅशेसच्या खालून टेकवा, तो पाणी शोषून घेतो. पुसायचं नाही, टिपायचं. त्यानंतर छोट्या पंख्यापुढे मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहा. ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर आणि हातभर लांबून. पूर्ण सुकल्यावरच स्पूलीने विंचरा. ओल्या लॅशवर स्पूली फिरवली की ती ताणली जाते. स्पूली खालून, लॅशच्या मधल्या भागापासून टोकाकडे उचलत न्या, मुळात खुपसू नका. एखादी आडवी फिरली असेल तर दोनदा विंचरून सरळ होते. नाहीच झाली तर राहू द्या, पार्लरमध्ये सोडवून घ्या.

ब्रश धुऊन, झटकून उभा वाळवा. ओला ब्रश डबीत कोंबला तर त्यावरच जंतू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी तेच डोळ्याला लागतात. महिन्याला ब्रश आणि स्पूली बदला. बहिणीची, मैत्रिणीची स्पूली वापरू नका, आपली देऊ नका.

हे रोज रात्री झोपायच्या आधी करा. चेहरा फार तेलकट असेल किंवा डोळ्यांचा मेकअप रोज असेल तर सकाळीही. तासन्‌तास मास्क लावून काम करणाऱ्या सिस्टरना मी दोन वेळा धुवायला सांगते. मास्क नाकावर घट्ट बसला नाही तर श्वासाची दमट हवा वर डोळ्यांवर येत राहते, आणि ड्यूटी संपेपर्यंत खालच्या कडेला घाम साचलेला असतो.

धूळ, काजळी, गुलाल

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघणाऱ्या एक ताई माझ्याकडे येतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं त्याचा त्यांना मोठा अभिमान आहे. पण सौद्याच्या दिवसांत हळदीची बारीक पूड हवेतच असते. त्यांच्या लॅशेस मी पहिल्यांदा रिफिलआधी धुतल्या तेव्हा ब्रशवरचा फेस आधी पिवळसर उतरला, दुसऱ्या खेपेला करडा, तिसऱ्याला पांढरा. चष्मा लावूनही एवढं आत जातं. आता त्या पेढीवरून घरी आल्या की चहाच्या आधी पापण्या धुतात आणि तिसऱ्या आठवड्यातही त्यांच्या लॅशेस भरलेल्या दिसतात.

गाडीवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटची काच खाली ठेवा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असताना हवेतून येणारे काजळीचे कण डोळ्यात गेले की हात आपोआप चोळायला जातो. तेव्हा हात आवरा, मिटलेल्या डोळ्यावर स्वच्छ पाणी सोडा.

गुलालाची पद्धत वेगळी. विसर्जनाच्या मिरवणुकीहून आल्यावर एकदम ओलं करायचं नाही. कोरड्या गुलालावर पाणी पडलं की त्याचा चिखल होऊन मुळाशी बसतो. आधी डोळे घट्ट मिटून, कोरड्या स्वच्छ स्पूलीने हलकेच झटकून घ्या, कपाळ आणि भुवया पुसा, आणि मग भरपूर पाण्याने. रंगपंचमीला चेहऱ्याला तेल चोपून बाहेर पडायची सवय आहे, ते डोळ्याच्या हाडापर्यंतच थांबवा, पापणीवर नको.

तेलाचं प्रकरण

तेल लागलं म्हणून चिकटवलेली लॅश लगेच पाघळून पडत नाही. तेल हळूहळू चिकटीत शिरतं, ती मऊ करतं, आणि वर असा थर सोडतं की रिफिलला नवी लॅश त्या केसावर धरतच नाही. म्हणून एकदा लागलं तर घाबरू नका, त्या रात्री नीट धुवा. पण सवय असेल तर मोडा.

सवयी कुठल्या? रात्री पापण्यांना एरंडेल लावणं, केस वाढतात म्हणून. एक्स्टेन्शन असेपर्यंत पूर्ण बंद. डोक्याला तेल लावून झोपणं: तेल कपाळावरून उतरतं आणि उशीच्या अभ्र्यावरून पापणीला लागतं. तेल लावायचंच तर सकाळी लावा, दोन तासांनी डोकं मागे करून धुवा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही तसंच, तेल-उटणं मानेखाली मनसोक्त लावा, चेहऱ्याला उटणं दुधात कालवून, डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडून. घरी धरलेलं काजळ तूप किंवा एरंडेलातलं असतं, तेही नको. मेकअप काढायचं जे पाणी बाटलीत दोन थरांचं दिसतं आणि हलवून वापरायचं असतं, त्यातला वरचा थर तेलाचाच. वॉटरप्रूफ मस्कारा आणि काजळ काढायला तेलच लागतं, म्हणून ती लावूच नका. खरं तर एक्स्टेन्शनवर मस्काऱ्याची गरजच नाही.

आणि लग्नाची हळद. आपल्याकडे हळद तेलात कालवतात, करवल्या उत्साहाने अख्खा चेहरा माखतात, नवरीला डोळेसुद्धा उघडता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी लग्न. हळदीनंतर रात्री लॅशेस लावायला वेळ नसतो, आणि लावल्या तरी पहिले २४ तास लग्नाच्या धावपळीत, होमाच्या धुरात जाणार. म्हणून मी दोन-तीन दिवस आधी लावते आणि नवरीच्या आईला किंवा मावशीला बाजूला घेऊन सांगते: चेहऱ्याची हळद वेगळ्या वाटीत, पाण्यात किंवा दुधात कालवलेली, बोट गालाच्या हाडावर जाऊ द्यायचं नाही, तेलाची हळद हातापायांना. घरातल्या एका मोठ्या बाईने जबाबदारी घेतली की सगळं नीट होतं. त्याच रात्री पापण्या धुवायच्या, कितीही दमलेली असली तरी. मुंडावळ्या बांधताना त्यांचे पदर किंचित कानाकडे घ्या, नाहीतर मोत्यांची लड दिवसभर बाहेरच्या लॅशेसवर घासते. पाठवणीला रडू येणार, मोकळेपणी रडा, अश्रूंनी लॅशेस जात नाहीत. रुमालाने डोळे रगडल्याने जातात.

पण आयुष्यातला पहिला सेट लग्नाच्या आठवड्यात करू नका. निदान महिनाभर आधी एकदा लावून बघा. का, ते पुढे येतंच.

उष्णता आणि झोप

प्लास्टिकचा धागा आचेने आक्रसतो. गॅसवर वांगं भाजताना वाकून बघणं, भाकरी फुगली का म्हणून तोंड जवळ नेणं, कुकरचं झाकण उघडताना वर उभं राहणं, हुरड्याच्या आगटीजवळ बसणं, यात टोकं कुरळी होऊन जळतात, आणि जळलेली लॅश पुन्हा सरळ होत नाही, काढावीच लागते. सर्दीला वाफ घ्यायची असेल तर टॉवेल डोक्यावर न घेता नाकापुरता वाफारा घ्या.

झोपताना पालथं झोपू नका. कुशीवर झोपलात तर त्या बाजूच्या लॅशेस आधी जातात, हे दोन्ही डोळे शेजारी बघितले की दिसतं. सॅटिनचा अभ्रा बरा, त्यावर घासत नाही.

डोळे बिघडले तर

ग्लूची अ‍ॅलर्जी खरी असते. लावताना डोळा किंचित उघडा राहिला तर ग्लूच्या वाफेने डोळा लाल होतो, झोंबतो, आणि काही तासांत शांत होतो. ती अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते: दोन्ही पापण्या फुगतात, लाल होतात, खाज थांबत नाही. वर्षभर काही न होता लावणाऱ्यांनाही अचानक होऊ शकते. एकदा झाली की पुढच्या वेळी पुन्हा होते, बहुतेकदा जास्त. म्हणून मी नव्या बाईला आधी कोपऱ्यात दोन-चार लॅशेस लावून दोन दिवस थांबायला सांगते. नवरीला महिना आधी सांगते ते याचसाठी.

सूज आली तर लॅशेस उतरवून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, पिवळी घाण येत असेल तर आधी डॉक्टर, लॅशेस नंतर. आपल्याला मिरज जवळ आहे, डोळ्यांच्या चांगल्या दवाखान्यांसाठी कर्नाटकातूनही लोक तिथे येतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका. त्यातल्या काहींत स्टिरॉइड असतं. त्याने लाली पटकन उतरते, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि जंतूंचा संसर्ग असेल तर तो बळावतो. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ते तेलकट असलं तरी ते लावा, लॅशेस गेल्या तर गेल्या.

डोळे आले असतील तेव्हा रिफिलला येऊ नका. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ होती, तेव्हा लाल डोळ्यांनी येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवलं. काहींना राग आला. पण त्याच खुर्चीत, त्याच उशीवर पुढची बाई झोपणार असते. डोळे पूर्ण बरे झाल्यावर जुना ब्रश, स्पूली आणि उघडा पडलेला मस्कारा-काजळ टाकून द्या आणि मग या.

रिफिल आणि काढणं

रिफिल दोन ते तीन आठवड्यांनी. त्यानंतर केस वाढून एक्स्टेन्शन टोकाकडे सरकते, वजन पुढे जातं आणि ती फिरते, शेजारच्या केसाला ओढते. निम्म्याहून जास्त गेल्या असतील तर नवा सेटच घ्यावा. येताना डोळ्यांचा मेकअप न करता, घरून धुऊन या, म्हणजे तुमचा वेळ लॅशेस लावण्यात जातो, साफ करण्यात नाही.

स्वतः उपसून काढू नका. एक लॅश ओढली की तिच्याबरोबर तुमचा केस मुळासकट येतो, आणि हे सतत झालं तर त्या जागी केस विरळच होतात. नेलपेंट रिमूव्हर डोळ्याजवळ आणू नका. पार्लरमध्ये क्रीम किंवा जेल रिमूव्हर असतं. खालच्या पापणीवर पॅड ठेवून ते फक्त चिकटीवर लावतात, काही मिनिटांनी लॅश न ओढता सरकून येते, मग पापण्या दोनदा धुतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

काढल्यावर आपल्या पापण्या एकदम तुटपुंज्या वाटतात. इतके दिवस भरलेल्या बघायची सवय झालेली असते, म्हणून तसं वाटतं. ओळीत मोकळ्या जागा दिसत असतील तर मात्र लगेच नवा सेट घेऊ नका, दोन-तीन महिने जाऊ द्या, केस पुन्हा वाढतात. त्या काळातही रात्री पापण्या धुणं चालू ठेवा, एरंडेल लावायचं असेल तर आता लावता येईल, डोळ्यात न जाईल एवढंच. तीन महिन्यांनीही जागा भरल्या नाहीत तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.